दिंद्रुडचे उलटे हात

दिंद्रुडच्या बसस्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत वर्षाराणीचं पार्लर. आत शिरताच एक मोठं पोस्टर दिसतं. त्यात चौघं जण उभे आहेत. डोळ्यांभोवती काळं-जांभळं, ओठ गडद, अंगात लेसचे झगे, आणि केस असे उभे की चौघांनी मिळून विजेच्या तारेला हात लावला असावा. भुवया कोरायला आलेली बाई खुर्चीत टेकते न टेकते तोच विचारते, "ह्या कुठल्या गावच्या नवऱ्या गं?"

"नवऱ्या न्हाईत मावशी, गडी हायेत. जपानचे."

मावशी एकदा पोस्टरकडे बघते, एकदा वर्षाराणीच्या हातातल्या दोऱ्याकडे बघते आणि म्हणते, "माझ्या भुवया तेवढ्या आपल्यावानी ठिव बाई."

हे आठवड्यातून तीन-चारदा तरी होतं, आणि वर्षाराणी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते. सव्वीस वर्षांची, कामाला वाघ, बोलायला गोड. फक्त त्या चौघांना कुणी नावं ठेवली की तिचा चेहरा असा काही उतरतो, की नावं ठेवणारीलाच वाटतं, आपण हिच्या माहेरच्या माणसांना बोललो की काय.

त्या चौघांच्या बँडचं नाव हिगासा. म्हणजे उन्हात धरायची छत्री. जपानात गाण्याबजावण्याची एक तऱ्हा आहे, तिला व्हिज्युअल केई म्हणतात. तिथे गाणं जेवढं मोलाचं तेवढाच नट्टापट्टा. गिटार वाजवणारा धडधाकट बाप्या तासन्‌तास आरशापुढे बसून पापण्या चिकटवतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वर्षाराणीच्या वडिलांनी, आसारामांनी, पहिल्यांदा त्यांचा व्हिडिओ पाहिला तेव्हा त्यांनी हातातली बिडी विझवली. मग म्हणाले, "भारुडात बी गडी लुगडं नेसूनच येतो की. मग ह्यांनीच काय केलंय?" घरापुरता तो विषय तिथेच मिटला.

हे वेड लागलं ते उसाच्या फडात. आसाराम आणि चंद्रभागाबाई दर दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, लांब, पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत. सोळा-सतरा वर्षांची वर्षाराणी कोपीत राहून दोन वेळचा स्वयंपाक करायची. पाचटाचं छप्पर, तीन दगडांची चूल आणि भाऊ सोमेश्वरचा फोन, एवढाच तिचा संसार. एका दुपारी भाकरी थापताना फोनवर आपोआप एक गाणं लागलं. हात पिठाचे, बंद करता येईना. म्हणून तिने ते शेवटपर्यंत पाहिलं, आणि मग हात धुऊन पुन्हा पाहिलं. चौघांमध्ये कडेला एक जण उभा होता, बेस वाजवणारा शियोन. ना हसत होता, ना उड्या मारत होता. आपल्याला कुणी बघावं अशी त्याची इच्छाच नसल्यासारखा उभा होता. टोळीतल्या पोरीला कडेला उभं राहणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिने त्यालाच आपला मानला.

पुढे तिला कळलं, की असा एकच निवडायचा आणि शेवटपर्यंत त्याचंच राहायचं, ही तिथली रीतच आहे. कळलं ते फोनवरच्या एका ग्रुपमुळे. ब्राझील, फिलिपिन्स, फिनलंड, मेक्सिको, कुठकुठची माणसं त्यात होती आणि भाषांतराच्या अॅपवर सगळ्यांचा कारभार चालायचा. त्यांचे नियम एखाद्या सासुरवाशिणीला पाळावे लागतात तसे कडक. बँडमधल्या माणसांच्या खासगी आयुष्याबद्दल बोलायचं नाही. त्यांच्यामागे स्टेशनपर्यंत जायचं नाही. कार्यक्रमात फोन बाहेर काढायचा नाही. दुसरीच्या आवडत्याला नावं ठेवायची नाहीत, आणि आपल्या आवडत्याला चारचौघांत 'माझा' म्हणायचं नाही. हे नियम डोळ्यांत तेल घालून सांभाळणारी एक बाई होती माग्दा, पोलंडची, शाळेत भूगोल शिकवणारी. ती अकरा वेळा जपानला जाऊन आली होती, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन होतं. मनिलाच्या एका मुलीने शियोनचा सही केलेला छोटासा फोटो वर्षाराणीला पोस्टाने पाठवला तेव्हा पाकिटावर काय काय लिहायचं, हेसुद्धा माग्दाने सांगितलं होतं.

पार्लरची विद्याही तिला याच ग्रुपने दिली. कुणी पापणीची रेघ शिकवली, कुणी डोळा मोठा कसा दाखवायचा ते. युसूफ वडगावच्या अर्जुनरावांची लेक सायली लग्नात हटून बसली, "मला त्या पोस्टरमधल्या दोन नंबरच्या गड्यासारखे डोळे कर." सायलीच्या आईचा, वनमालाबाईंचा, जीव खालीवर झाला. पण नवरी बोहल्यावर उभी राहिली तेव्हा सगळ्या मांडवाने माना वळवल्या, आणि तेव्हापासून वर्षाराणीला पार कडा गावापासून बोलावणी येतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या बँडांच्या कार्यक्रमात लोक नुसते ऐकत नाहीत. प्रत्येक गाण्याला हातांच्या ठरलेल्या हालचाली असतात आणि हॉलमधली शेकडो माणसं त्या एका वेळी करतात. हात वर, बोटांचं फूल तीनदा उघड-मीट, मग हात बाजूला नेत अख्खं अंग त्या बाजूला झुकवायचं. कवायतीइतकं नेमकं, पण कवायतीत नसतो तो जीव त्यात असतो. वर्षाराणी हे शिकली एका व्हिडिओवरून. त्यात एक जपानी बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून सावकाश दाखवायची, म्हणजे मागे उभं राहून जसंच्या तसं करता यावं. कोपीसमोरच्या मोकळ्या जागेत वर्षाराणी रोज ते करायची. आधी टोळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग चंद्रभागाबाई एक दिवस मोळीचं ओझं टाकून तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दाव बरं, कसं करत्यात." चार दिवसांत सात बाया झाल्या. दुपारची भाकर झाली की दहा मिनिटं फडाच्या बांधावर सात बायका आणि एक पोरगी जपानी गाण्यावर हात हलवायच्या. मुकादम नाथा लांबून बघून डोक्याला हात लावायचा.

नऊ वर्षं अशी गेली. एका गोष्टीची मात्र तिला आस होती, आणि ती पुरी होणार नाही हेही तिला ठाऊक होतं. एकदा, फक्त एकदा, त्या हॉलमध्ये त्यांच्याबरोबर हात वर करायचा.

गेल्या कार्तिकात हिगासाने जाहीर केलं, की बँड बंद होतोय. अशा वेळी कारण विचारायचं नाही, हाही ग्रुपचा एक नियम. कुणी विचारलं नाही. वर्षाराणीने त्या दिवशी पार्लर लवकर बंद केलं आणि दार लावून मनसोक्त रडून घेतलं. चार दिवसांनी माग्दाने सगळ्यांना लिहिलं. बँडच्या लोकांशी तिचं बोलणं झालं होतं. शेवटच्या कार्यक्रमात, शेवटच्या गाण्याला, रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर परदेशातल्या चाहत्यांचे व्हिडिओ दिसणार होते. ज्याने त्याने आपल्या गावात, आपल्या माणसांबरोबर हाताच्या हालचाली करायच्या आणि ते पाठवायचं.

वर्षाराणीला वाटलं, देव पावला. तिने एकटीने करायचा विचारसुद्धा केला नाही. यंदा टोळी लांब गेली नव्हती, गावापासून दोन कोसांवरच तोड चालू होती. ती फोन घेऊन फडात गेली. त्याच सात जणी, तोडलेल्या रानात ओळीने उभ्या. त्यांनी आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केलेली, ठेवणीतली लुगडी नेसलेली. प्रत्येकीच्या उजव्या हातात कोयता, कारण चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आपुन कोन हाव त्ये कळाया नगं का त्यांना?" डावा हात वर गेला, फूल उघडलं-मिटलं, आठही जणी डावीकडे झुकल्या. असा व्हिडिओ बघून दगडालाही हसू फुटलं असतं. तिने तो पाठवला.

तिसऱ्या दिवशी माग्दाचं उत्तर आलं. व्हिडिओ फार सुंदर आहे, पण तुमचे हात उलटे आहेत. हॉलमध्ये उजवा हात वर जातो, सगळे उजवीकडे झुकतात.

वर्षाराणीला आधी ते खरंच वाटेना. मग उलगडा झाला. मूळ व्हिडिओच्या नकला गाण्याच्या कंपनीची यंत्रं शोधून काढून टाकत. म्हणून चिलीतल्या कुण्या भल्या माणसाने तो आरशातल्यासारखा उलटा करून चढवला होता, यंत्राला ओळखू येऊ नये म्हणून. जपानबाहेरच्या निम्म्या लोकांनी तोच बघून धडे घेतले होते. मागे एका दुकानाची पाटी दिसत होती, तिच्यावरची अक्षरं उलटी होती म्हणे. पण वर्षाराणीला सुलटं जपानी काय आणि उलटं जपानी काय, दोन्ही सारखंच. आणि नऊ वर्षांत ही चूक कुणाच्या ध्यानात आली नाही, याचं कारण सरळ होतं. तिचे हात ग्रुपमधल्या कुणी कधी पाहिलेच नव्हते.

ग्रुपमध्ये दोन तट पडले, उलटे आणि सुलटे. आठवडाभर भाऊबंदकी चालली. सुलटे म्हणत, शेवटच्या दिवशी तरी नीट करा. उलटे म्हणत, मग नऊ वर्षं काय झोपला होतात? शेवटी माग्दाने निकाल दिला. उलट्यांनी फोनवर आपला व्हिडिओ आडवा फिरवून, म्हणजे आरशासारखा करून पाठवावा. एका बटणाचं काम. शुक्रवारपर्यंत मुदत.

बटण दाबलं आणि काम झालं. खूश होऊन वर्षाराणी तो घेऊन आईकडे गेली. चंद्रभागाबाईंनी फोन हातात धरून बराच वेळ पाहिला.

"ह्या कोन?"

"आपुनच की, आई."

"मग आपला पदर कुठं चाललाय?"

सातही जणींचे पदर उजव्या खांद्यावर गेले होते, कोयते डाव्या हातात. बाकीच्या बायका गोळा झाल्या. एकीने स्वतःचा खांदा चाचपून पाहिला. चंद्रभागाबाई रागावल्या नाहीत, पण हलायलाही तयार झाल्या नाहीत. "परक्या मुलखात सम्दे बघनार, आन् आमी पदर भलत्याच खांद्यावर घिऊन हुबं ऱ्हायचं? म्हनतील, ह्या बायांना लुगडं बी नेसता येत न्हाई. आन् डाव्या हातात कोयता धरून ऊस तोडीत्यात व्हय कुनी?"

आता यावर माग्दाला काय सांगणार? पोलंडात पदर नाही.

मग सुलटं शिकायचा खटाटोप झाला. गुरुवारी दुपारी बांधावर आठही जणींनी कोयते खाली ठेवून उजवा हात वर केला. तिघींचा डावाही बरोबर गेला. झुकायची वेळ आली तेव्हा निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे, आणि मधल्या दोघींची डोकी टणकन एकमेकींवर आपटली. हसून हसून सगळ्या खाली बसल्या. तिकडून नाथा मुकादम ओरडला, "आवं, गाडी भरायची का डोकी फोडायची?" दुसऱ्या खेपेलाही तेच. नऊ वर्षांची सवय एका दुपारी मोडत नाही.

चंद्रभागाबाईंनी डोकं चोळत लेकीला जवळ घेतलं. "तू येकटी जा. तुझंच हाय त्ये सम्दं. आमी कावून मधी?"

शुक्रवारी सकाळी वर्षाराणीने पार्लरचं दार लावलं, डोळे रंगवले, काळा ड्रेस घातला, आणि एकटीने, जुन्याच सवयीने, सगळं गाणं केलं. मग बटण दाबून फिरवलं. कुठे पदर नाही, कोयता नाही, अडचण नाही. इतकं नेटकं झालं की माग्दाही बोट दाखवू शकली नसती. हा पाठवला असता तर ती त्या पडद्यावर नक्की दिसली असती.

तिने दोन्ही व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. तिची आस आता एका बोटावर येऊन थांबली होती. पण तिला ते दिवस आठवत होते. सगळे 'पोरगी वाया गेली' म्हणत होते, तेव्हा ओझी उतरवून तिच्या शेजारी हात वर करणाऱ्या ह्याच होत्या. कशाला करतेस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. दाखव म्हणाल्या. त्यांना वगळून त्या हॉलमध्ये जायचं, तर तिथे जाऊन उभी राहणार ती कोण? तिला एकदम स्वतःचाच राग आला. तिने पहिला व्हिडिओ, न फिरवलेला, पाठवला आणि खाली लिहिलं: "यांचे हात उलटे आहेत, कारण मी उलटं शिकवलं. यांचे पदर मात्र बरोबर आहेत. जमलं तर घ्या. मी एकटी येणार नाही."

माग्दाचं उत्तर आलं, एकच शब्द. "मिळालं."

कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, ते आधी सांगायचं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस वर्षाराणीचा जीव टांगणीला लागला. एका गिऱ्हाइकाच्या डाव्या भुवईवर दोनदा दोरा फिरला.

कार्यक्रमाच्या दिवशी, जानेवारीतल्या एका दुपारी, ती कोपीवर गेली. जपानात तेव्हा संध्याकाळ होती. कारखान्याची गाडी अजून आली नव्हती, म्हणून बायका मोकळ्या होत्या. तिने पालथ्या पातेल्याला फोन टेकवला आणि आठही जणी त्यापुढे दाटीवाटीने बसल्या. आसाराम मागे उभे राहिले. दीड तास गाणी चालली. शियोन नेहमीप्रमाणे कडेला उभा होता. बायकांनी एकमेकींना खुणेने सांगितलं, तो बघ, आपल्या वर्षीचा. नियमाप्रमाणे वर्षाराणी काही बोलली नाही.

शेवटचं गाणं सुरू झालं. मागचा पडदा उजळला, आणि त्यावर छोटे छोटे चौकोन, दोनशेच्या वर. कुणाची खोली, कुणाची गच्ची, कुणाचा बर्फाने भरलेला रस्ता. वर्षाराणीचे डोळे ओळीओळीने धावू लागले. वरच्या ओळीत नाही. मधल्या ओळींत नाही. मग ती आजवर कधी ओरडली नसेल, तशी मोठ्याने ओरडली. सगळ्यात खाली, कडेला, तोडलेलं रान दिसत होतं. माग्दाने घेतलं होतं, पण चटकन कुणाला दिसणार नाही अशा जागी ठेवलं होतं.

कॅमेरा हॉलच्या मागच्या टोकाला होता. पुढे हजारभर लोकांच्या पाठी, आणि त्यांच्या समोर तो पडदा. गाण्याचं धृपद आलं. हॉलमधले सगळे उजवे हात वर गेले, फुलं उघडली-मिटली, आणि हजार माणसं उजवीकडे झुकली. पडद्यावरचे दोनशे चौकोन, सगळे नीट, सगळे सुलटे, दुसऱ्याच बाजूला झुकले.

हॉल जिकडे झुकला तिकडे पडद्यावरचा एकच चौकोन झुकला होता. सगळ्यात खालचा, कडेचा.

वर्षाराणीला वाटलं डोळ्यांना भास झाला. चंद्रभागाबाईंना मात्र लगेच उमगलं. "आगं, त्येंनी आपल्याकडं तोंड केलंय न्हवं. मोळी उचलताना दोघी समूर हुब्या ऱ्हात्यात, तवा येकीचा उजवा त्यो दुसरीचा डावा. दोघींनी उजवाच लावला तर मोळी पडंल की खाली."

धृपद तीनदा आलं, आणि तीनही वेळा जपानातला तो हॉल आणि दिंद्रुडच्या रानातल्या आठ बायका एकाच बाजूला झुकल्या. फोनवर गाण्याच्या शेजारी, घरून बघणाऱ्यांनी लिहिलेली बोलणी सरकत होती. कुणीतरी विचारत होतं, खालच्या कोपऱ्यातल्या त्या बायका कोण आहेत, त्या आमच्याबरोबर हलताहेत. मग दुसऱ्याने, मग दहांनी विचारलं. मग दिवे गेले आणि हिगासा संपला.

थोड्या वेळाने माग्दाचा निरोप आला. ती हॉलमध्येच होती, बाराव्या खेपेला. तिने लिहिलं होतं: "मी तुझ्या आईच्या समोर उभी होते. आम्ही दोघी बरोबर झुकलो. तरीही नियम तो नियम. पुढच्या वेळी हात सुलटे करून पाठव."

पुढची वेळ नव्हती. माग्दालाही ते माहीत होतं, आणि तरी तिने तसं लिहिलं होतं. ते वाचून वर्षाराणीच्या डोळ्यांना धार लागली. नऊ वर्षं ती त्या लोकांच्या पाठी बघत हात हलवत आली होती. आज पहिल्यांदा ते तिच्याकडे तोंड करून उभे राहिले होते.

"आता रडतीस कावून?" चंद्रभागाबाईंनी विचारलं. "दिसलो की आपुन."

"संपलं ना, आई. आता कुनासंगं हात वर करायचे?"

चंद्रभागाबाईंनी बाकीच्या सहा जणींकडे पाहिलं. रस्त्यावर गाडीचा आवाज आला होता आणि नाथा हाका मारू लागला होता. सगळ्या पदर खोचत उठल्या.

"आमी कुठं चाल्लोय," त्या म्हणाल्या. "गाडी भरून येतो, तवर गानं लावून ठिव."